सारंगीची बाजू

"उजव्या स्पीकरचा आवाज पडलाय," मी म्हणालो.

आईच्या मांडीवर ताट होते, ताटात मोड आलेले वाल. तिने सोलायचे थांबवले नाही. "कुठे पडलाय? छान ऐकू येतंय की."

"तबला ऐक. शेजारच्या ब्लॉकमध्ये कोणी वाजवत असावं तसा येतोय. आणि बाई मधोमध बसून गायला हवी, ती डाव्या भिंतीला टेकलीय."

"दमली असेल. रोज रोज तेच गातेय बिचारी."

"बरं," खिडकीखालच्या वेताच्या खुर्चीतून अण्णा म्हणाले.

"काय म्हणतायत?"

"म्हणतायत, त्या कार्ट्याला गप्प कर, सारंगी येतेय."

आणि सारंगी आली. डाव्या स्पीकरमधून, खोल विहिरीतून पोहरा वर यावा तशी, हेलकावत, थोडी सांडत. आईचे हात थांबले. अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये एक वाल अर्धा सोललेला तसाच राहिला. तिने डोळे मिटले नाहीत, मान डोलावली नाही. नुसती थांबली, आणि सारंगी पुन्हा गाण्यात विरून गेल्यावर तो वाल सोलून ताटात टाकला.

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या वीज प्रकल्पाच्या वसाहतीतले ते घर. अण्णा डोंगराच्या पोटातल्या वीजगृहात ऑपरेटर होते. त्या वर्षी ज्येष्ठात, पाळीवरून परतताना, त्यांना पक्षाघात झाला. उजवे अंग गेले आणि वाचा गेली. एक शब्द तेवढा मागे राहिला: बरं. भूक लागली तरी बरं, कूस बदलायची असली तरी बरं, दुखले तरी बरं. पूर ओसरल्यावर शेतात एकच खांब उभा राहावा तसा तो शब्द त्यांच्या तोंडात उभा होता. त्याच्या पंधरा-वीस चाली आईने सहा महिन्यांत पाठ केल्या होत्या. मला त्यांतल्या दोन-तीनच ओळखता यायच्या.

मी नुकताच कोल्हापूरहून मराठी घेऊन एम. ए. झालो होतो. नवकवितेवर प्रबंधिका लिहिली होती. शब्द सापडला की माणूस सुटतो, अशी माझी तेव्हा श्रद्धा होती. पौषात एका महाविद्यालयात तासिकेवर रुजू व्हायचे होते, म्हणजे घरी माझे आठच दिवस उरले होते. त्यानंतर त्या दोन खोल्यांत ती दोघेच राहणार होती, आणि त्यांच्यामध्ये संध्याकाळचा हा अर्धा तास. सात वाजता आई दिवा लावायची, मग रेकॉर्डवरची धूळ पुसून सुई ठेवायची. दिवसभर ती त्यांना भरवी, पुशी, वळवी. त्या अर्ध्या तासात मात्र ती त्यांची नर्स नसे. दोघे शेजारी बसून एकाच गोष्टीकडे कान लावीत. त्यांच्या संसाराचे एवढेच काय ते शिल्लक होते, आणि तेही एका बाजूने लंगडत होते. जाण्यापूर्वी निदान ते धड करून द्यावे, असे मी ठरवले.

सेट अण्णांनी स्वतः बांधलेला. सागवानी पेटीतला ॲम्प्लिफायर, दोन स्पीकर, एक जुना रेकॉर्ड प्लेयर. कोब्याच्या जमिनीवर त्यांनी दोरीने माप घेऊन, दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, पांढऱ्या ऑइलपेंटचा रुपयाएवढा ठिपका काढला होता. "ऐकायची जागा ही," ते म्हणत. "बाकी सगळी नुसती बसायची." त्या ठिपक्यावर कायम आईचा पाट. स्वतः ते खिडकीखाली, कडेला बसत. जाणकार माणूस जिथे बसणार नाही, नेमके तिथे.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी गफूर परकार आले. वीजगृहातल्या एकाच पाळीवर अण्णांच्या शेजारी पंचवीस वर्षे काढलेला माणूस. मी त्यांना चाचा म्हणत असे. खांद्याच्या पिशवीत मीटर, वायरी सांधायची सोल्डर गन आणि पानाचा डबा.

"काय शिरधनकर," दारातूनच ते गरजले. "पोरगा म्हणतो, तुझा सेट लंगडतोय."

"बरं."

"आता बरं! पंचवीस वर्षं माझ्या एका शब्दाला होकार दिला नाहीस, आणि आता बघावं तर बरं."

अण्णांच्या तोंडाची डावी बाजू हसली.

"परकारभावजी, चहा ठेवते," आई म्हणाली.

"ठेवा वहिनी. पण आधी या साहित्यिकाला पाजा. हातात पेचकस नीट धरत नाही हा, पेन धरल्यासारखा धरतो."

तपासणीची रीत अण्णांचीच होती आणि ती चाचांनी मला त्यांच्या देखत शिकवली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बदल करून ऐकायचे, मग ती पूर्ववत करायची, आणि त्यानंतरच पुढच्या गोष्टीला हात लावायचा. "दोन गोष्टी एकदम बदलल्यास," चाचा अण्णांच्या आवाजाची नक्कल करत म्हणाले, "तर बरं कशानं झालं ते जन्मात कळायचं नाही."

आधी आम्ही पेटीमागच्या स्पीकरांच्या वायरी आलटून-पालटून लावल्या. मंद आवाज उजवीकडून डावीकडे गेला.

"म्हणजे?" चाचांनी मास्तरांसारखे विचारले.

"म्हणजे स्पीकर चांगले आहेत. दोष मागून येतोय."

"सुटले दोघे. लाव पहिल्यासारखं."

मग प्लेयरकडून येणाऱ्या दोन केबली उलटसुलट केल्या. या वेळी मंद आवाज उजवीकडेच राहिला.

"प्लेयर सुटला, सुईही सुटली. राहिला कोण?"

मी सागवानी पेटीकडे पाहिले. आवाजाचे बटण चाचांनी वीसएक वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवले, आत धूळ असेल तर झडावी म्हणून. फरक पडला नाही. दोन्ही बाजू सारख्या राखणारे बॅलन्सचे बटण बरोबर मधोमध होते, रेघेला रेघ. ते फिरवले तर आवाज इकडून तिकडे नीट सरकत होता. त्यातही दोष नव्हता.

चाचा थांबले. त्यांनी अण्णांकडे पाहिले. अण्णा त्यांच्याकडे पाहत होते.

"उद्या बघू," चाचा एकाएकी म्हणाले आणि पिशवी आवरू लागले. "दुसरी पाळी आहे माझी. तू झाकण उघड हवं तर, ब्रशनं धूळ झटक. पण कापाकापी करू नको. मी आल्याशिवाय नाही."

"गन राहू द्या ना, चाचा."

ते घुटमळले. मग गन आणि मीटर टेबलावर ठेवून गेले.

दुपारच्या एसटीने आई चिपळूणला अण्णांची औषधे आणायला गेली. पाचच्या गाडीने परतणार होती. अण्णांची खुर्ची मी टेबलाजवळ ओढली, त्यांना दिसावे म्हणून, आणि पेटीचे चार स्क्रू काढले.

आत एक शहर होते. बारीक अक्षरांतल्या चिठ्ठ्या प्रत्येक वायरला बांधलेल्या, सगळी वळणे काटकोनात, सोल्डरचा प्रत्येक ठिपका दवासारखा गोल. झाकणाच्या आतल्या बाजूला अण्णांनी टाकाने काढलेला नकाशा चिकटवला होता. मी नकाशावर बोट ठेवून एकेक भाग जुळवत गेलो. डावी बाजू तंतोतंत जुळली. उजव्या बाजूला, एका वायरच्या मध्यावर, काळी नळी चढवलेली दिसली. नळी सरकवली. आत एक रेझिस्टर होता, वीज अडवणारा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा. अंगावर तपकिरी, काळे, नारंगी अशी कडी. नकाशात तो नव्हता. डाव्या बाजूला त्याचा जोडीदार नव्हता. त्याला चिठ्ठीही नव्हती.

"अण्णा, हा कोणी घातला?"

"बरं."

"तुमच्या नकाशात नाही. कोणाकडे दुरुस्तीला दिला होता का कधी? त्यानंच घोळ घातलेला दिसतोय."

"बरं," अण्णा म्हणाले. "बरं. बरं."

"काढून टाकू?"

"बरं, बरं, बरं, बरं."

त्यांचा डावा हात उठला, हवेत हेलपाटला आणि उघड्या पेटीवर येऊन पसरला. मला वाटले, त्यांना स्वतःच्या हाताने काम करायचे आहे. आयुष्यभर ज्याने हे केले त्याला नुसते बघत बसणे किती जड जात असेल! मी तो हात हलकेच बाजूला केला, त्याच्या मुठीत पेचकस दिला, आणि लहान मुलाची बोटे मिटावीत तशी एकेक बोट त्याभोवती मिटवली.

"धरा. तुम्हीही आहात बरोबर."

मग कात्रीने दोन्हीकडून वायर कापली. त्या रेझिस्टरच्या दोन्ही टोकांची सांधणी मोत्यासारखी गोल होती, त्या पेटीतल्या कुठल्याही सांधणीपेक्षा अधिक निगुतीने केलेली. आणि मला ती दिसली होती. ती कोणाच्या हातची आहे हे ओळखायला मला एक क्षणही पुरला असता. तो क्षण मी घेतला नाही. उरलेली दोन टोके जोडून मी गन टेकवली. राळेचा वास खोलीभर झाला.

अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. पक्षाघातानंतर ते असे वारंवार यायचे. डॉक्टरांनी सांगितले होते, त्याला अर्थ नसतो.

*

संध्याकाळी सात वाजता मी आईला पाटावर बसवले. "आज तू हात लावू नको. मी लावतो."

"एवढं काय केलंयस रे?"

"ऐक तर."

सुई टेकली. मी तिच्या मागे उभा होतो, ठिपक्याच्या रेषेत, आणि त्या घरात पहिल्यांदाच गाणारी बाई माझ्यासमोर मधोमध येऊन बसली. उजवीकडे तबला, त्याच्या शाईवरून निसटणारे बोटसुद्धा ऐकू येणारा. डावीकडे सारंगी. मधली हवा भरून निघाली. मला आठवते, मी अत्यंत सुखी होतो.

आईने ताट मांडीवर घेतलेच नव्हते. ती वाट पाहत होती. सारंगीची जागा आली, आणि गेली.

"सारंगी कुठे गेली?" ती म्हणाली.

"ही काय, वाजली ना आत्ता."

"नाही वाजली." तिने चेहरा डाव्या बाजूला वळवला, आणखी वळवला, उजवा गाल त्या स्पीकरकडे पुढे करत. कोणी काही बोलू लागले की ती अशीच वळायची. जन्मापासून पाहत होतो. मला ते तिचे लाजणे वाटे. "आता येतेय. लांबून येतेय. माणसं मध्ये उभी असल्यासारखी." मग तिने हात खाली टाकले. "तू काय केलंस, अवधूत?"

"दोन्ही बाजू सारख्या केल्या."

"बरं," अण्णा म्हणाले, फार हळू. त्या चालीचे बरं मी पूर्वी ऐकले नव्हते.

आई उठली. "भात लावायचाय," ती म्हणाली. रेकॉर्ड अजून अर्धी बाकी होती.

*

सकाळी चाचा आले तेव्हा मी तो कापलेला तुकडा औषधाच्या रिकाम्या डबीत ठेवला होता. त्यांनी डबी उघडली आणि खाली बसले.

"मी सांगून गेलो होतो ना रे."

"नकाशात नव्हता तो."

"नकाशात कसा असेल? हा मीच आणून दिला होता. चिपळूणहून. अठरा वर्षं झाली." ते व्हरांड्यातून आत पाहत होते; आई अण्णांची दाढी करत होती. "काल शंका आली होती मला. म्हटलं, इतक्या वर्षांनी कुठे असणार अजून. तुझा बाप मला म्हणाला होता, गफूर, उजवी बाजू थोडी दाबायची आहे, म्हणजे डावी वर येईल. मी म्हटलं, येड्या, त्याला रेझिस्टर कशाला, बॅलन्सचं बटण फिरव की. तर म्हणाला, बटण सगळ्यांना दिसतं."

"पण डावी कशासाठी वर आणायची?"

चाचांनी पान लावायला घेतले आणि तसेच ठेवून दिले. "म्हणाला, घरात एक कान कमी आहे. मी विचारलं, कुणाचा? त्याचं उत्तर नाही दिलं. म्हणाला, माझ्या हातानं गेला. तेवढंच. मीही विचारलं नाही."

आत वस्तरा वाटीत खळखळला. आई म्हणाली, "गाल फुगवा. अहो, डावा. उजवा कुठला फुगतोय तुमचा."

"परत लाव तो," चाचा कुजबुजले. "होता तिथं लाव, नळी चढव, आणि तोंड बंद ठेव. अठरा वर्षं ज्याचा बोभाटा झाला नाही, तो तू करू नकोस. ऐकतोस ना?"

"हो."

मी तो परत लावलाही. चाचांच्या पाळीआधी, त्यांच्याच देखरेखीखाली. माझी सांधणी ओबडधोबड झाली, पण लागला. एवढ्यावर थांबलो असतो तर आईने संध्याकाळी ऐकले असते, म्हटले असते, "आली बाई सारंगी," आणि मी पौषात निघून गेलो असतो.

पण आईचे ते वळणे आठवून कान कोणाचा हे मला कळले होते, आणि चाचा गेल्यापासून माझ्या मनात एकच गोष्ट घुमत होती. एका माणसाने अठरा वर्षे एक अपराध दाण्याएवढ्या जागेत जपला होता, त्यावर काळी नळी चढवली होती, आणि रोज संध्याकाळी बायकोला मेलेल्या कानाच्या बाजूची सारंगी ऐकवली होती. आता त्याच्याकडे शब्द नव्हते. माझ्याकडे होते. त्याच्या वतीने हे सांगायला मी नाही तर कोण? तिला कळायला नको का, की तिच्यावर एवढे प्रेम केले गेले?

ती मागच्या दारी अण्णांचे कपडे पिळत होती. मी सगळे सांगितले. फार सुंदर सांगितले असणार. शेवटी म्हणालो, "तुझा कान गेलाय हे त्यांना माहीत होतं, आई. पहिल्यापासून. म्हणून त्यांनी तो घातला. बटण फिरवलं नाही, कारण सगळ्यांना दिसलं असतं."

तिच्या हातातले धोतर पिळून संपले होते तरी ती पिळत होती.

"सगळ्यांना म्हणजे कुणाला?" ती म्हणाली. "घरात सगळे कोण होते? तू सहा वर्षांचा. राहिले कोण सगळे? मीच की."

तिने धोतर झटकून दोरीवर टाकले.

"तू चार वर्षांचा होतास," ती म्हणाली, कपडे वाळत घालता घालता, जणू दुसऱ्या कोणाच्या घरातली गोष्ट. "हाच सेट. बांधत होते तेव्हा. चालू ठेवून, झाकण उघडं टाकून बाहेर गेले. तू हात घातलास आत. मी धावले, तुला ओढलं, तेवढ्यात ते दारात. त्यांना वाटलं, गेलास. भ्यायले होते रे. हात उठला तो माझ्यावर. म्हणाले, लक्ष कुठं होतं तुझं. एकदाच. त्याआधी नाही, त्यानंतर नाही. चार दिवसांनी कानातून पाणी आलं, आणि मग सगळं त्या बाजूचं... दार लावून घेतल्यासारखं."

"सांगितलं का नाहीस?"

"कुणाला? त्यांना?" ती माझ्याकडे वळली. "माणूस असा. मुंगीवर पाय पडला तर थांबणारा. हे कळलं असतं तर आयुष्यभर मान वर केली नसती. म्हटलं, नको. आपल्यापाशी राहू दे. कुणी डावीकडून हाक मारली तर मी कामात असल्याचं दाखवायची. सिनेमाला गेलो की डाव्या टोकाची खुर्ची धरायची, म्हणजे ते माझ्या उजव्या बाजूला येतील. वीस वर्षं मी त्यांच्यापासून लपवलं, अवधूत. तेच माझं..." तिने शब्द शोधला आणि सोडून दिला. "आणि सेटपुढं बसलं की डावीकडचं ऐकू यायचं. मला वाटायचं, देवानं तेवढा अर्धा तास ठेवलाय मला."

दोरीवरून पाणी ठिबकत होते.

"त्यांना ठाऊक होतं," ती म्हणाली. "मी रोज सोंग करत होते आणि ते बघत होते. बघत होते आणि तार जोडत होते." तिचा आवाज चढला नाही, उलट उतरत गेला. "विचारायचं ना. दुखतं का, एवढं तरी. एवढंच."

मी म्हणालो, "आई, त्यांनी आपल्या परीनं..."

"तू गप्प बैस," ती म्हणाली. असे ती मला कधी बोलली नव्हती.

हात पुसून ती आत गेली. अण्णांच्या खुर्चीसमोर जमिनीवर बसली. मी उंबऱ्यातच राहिलो. गुळगुळीत दाढी केलेल्या त्यांच्या चेहऱ्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली. त्यांनी टेबलावरच्या पेटीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"अहो," ती म्हणाली. "तुम्हाला ठाऊक होतं?"

त्यांचा डावा हात उठला. तो तिच्या चेहऱ्याकडे चालला होता, कानशिलाकडे, आणि वाटेतच थांबला. कारण ती मागे सरली. फार नाही, दोन बोटे. हात तिथेच हवेत राहिला.

"बरं," अण्णा म्हणाले.

ती ऐकत होती. उजवा कान पुढे करून, सारंगीसाठी थांबायची तशी. ते पुन्हा म्हणाले, "बरं," आणि त्यांचा जबडा हलत राहिला, त्या एका शब्दामागून दुसरा ओढून काढण्यासाठी. पण मागे काहीच येत नव्हते.

मी विचारले, "काय म्हणाले?"

आई उठली. पदराने गुडघ्याची धूळ झटकली.

"बरं म्हणाले," ती म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

*

मी रुजू झालो नाही. आणखी एक वर्ष राहिलो, अण्णा होते तोवर. आईने त्यांचे काही कमी केले नाही. भरवले, पुसले, वळवले, शेवटपर्यंत पाठीला जखम होऊ दिली नाही. मात्र त्यांच्या बोलण्याचा अर्थ तिने मला पुन्हा सांगितला नाही. मी विचारले की म्हणायची, "मला काय माहीत."

मग चाली मला एकट्याने शिकाव्या लागल्या. हळूहळू शिकलो. भूक, तहान, कूस, थंडी. आणि श्रावणात एकदा परिचारिका सुई टोचायला आली, तेव्हा त्यांनी डावा हात पसरून दंड झाकला आणि भराभर म्हणाले, "बरं, बरं, बरं, बरं." त्या दुपारी उघड्या पेटीवर हात पसरून ते जे म्हणत होते ते काय होते, हे मला त्या दिवशी कळले.

संध्याकाळी सात वाजता रेकॉर्ड मी लावायचो. बटण मधोमध असायचे. अण्णा डाव्या हाताने पांढऱ्या ठिपक्याकडे बोट करायचे, रोज, मी स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन उभा राहायचो, आणि आतून, मान न वळवता, आई म्हणायची, "तुम्ही ऐका."

मी परत येऊन भिंतीशी बसायचो. तबला दबलेला, बाई डावीकडे सरकलेली. थोड्या वेळाने डावीकडून सारंगी यायची, भरभरून, आणि त्या रिकाम्या पाटापाशी पोहोचायची.